जनरल रजिस्टरातल्या दोन नोंदी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं करिअर' असा विषय छापला आहे. समितीची माफी मागून सांगते, मी त्यावर बोलणार नाही. कोणाच्या मुलांना त्याबद्दल काही विचारायचं असेल तर जेवताना मला गाठा, पंगतीत मी तशीही शेवटपर्यंत बसते. आज मला वेगळंच काही सांगायचं आहे. आणि ते इथेच सांगायला हवं, कारण त्याचा शेवटचा धागा खाली कार्यालयातल्या लोखंडी कपाटात सापडला.

माझे बाबा याच शाळेचे विद्यार्थी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना बघितलं आहे. आम्ही दहावीला होतो तेव्हा ते सायकलवरून शाळेच्या फाटकाशी येऊन माझा डबा देऊन जायचे, आणि आत कधी यायचे नाहीत. त्यांनी नववीतून शाळा सोडली होती. १९६५ साली, सोळाव्या वर्षी, ते नौदलात 'बॉइज एन्ट्री'तून भरती झाले. ते एकटे नव्हते. वर्गातला त्यांचा मित्रही त्यांच्याबरोबर गेला. त्याच्या घरी मासेमारीची होडी होती, म्हणून बाबा त्याला तांडेल म्हणायचे. मीही आज तांडेलच म्हणणार आहे. त्यांच्या पुतण्याने विनंती केली आहे की शाळेत फलक लागेपर्यंत नाव छापू नका, आधी दगडावर येऊ दे. तो आज समोर बसला आहे.

लहानपणी मला एवढंच माहीत होतं की बाबा बोटीवर होते, बॉयलरच्या खोलीत काम करायचे, आणि १९७१ च्या लढाईत त्यांची बोट 'बिघडली'. हा शब्द त्यांचा. बाकीच्यांचे वडील लढाईत काय काय करून आले ते ऐकलं की मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. शाळेत २६ जानेवारीला एकदा त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, "ताप आला आहे." ताप वगैरे काही नव्हता. अंगणात बसून नारळ सोलत होते.

घरात त्यांचं आणखी एक ठरलेलं होतं. रेडिओ दिवसभर चालायचा. नाट्यगीतं, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, क्रिकेट, सगळं. पण रात्री पावणेनऊच्या बातम्या आल्या की बाबा उठून रेडिओ बंद करायचे. नऊला पुन्हा लावायचे. आजोबा चिडायचे, कारण त्यांना बातम्या ऐकायच्या असत. आईने आम्हाला सांगून ठेवलं होतं, "त्यांना त्या बातम्यांचा आवाज सोसत नाही, डोकं दुखतं." घरात माणसांच्या अशा सवयी असतातच. मी कधी विचारलं नाही.

२०२१ साली बाबा गेले. त्याच वर्षी त्या युद्धाला पन्नास वर्षं झाली, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली ती कागदपत्रांसाठी, आईचं पेन्शन लावायचं होतं म्हणून. पेटीत त्यांचं डिस्चार्ज बुक होतं, दोन पदकं होती, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, आणि मेणकागदात गुंडाळलेला एक फोटो. विशाखापट्टणमला आयएनएस सरकार्स या तळावर मुलांचं प्रशिक्षण व्हायचं, तिथला. दोन पोरगी, पांढरे गणवेश, कान बाहेर आलेले, दोघांनाही टोपी मोठी होत होती. मागे बाबांच्या अक्षरात दोघांची नावं आणि दोघांचे नंबर. आणि दुसऱ्याच शाईत, बहुतेक पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेला, एकच शब्द : खुकरी.

मी आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुझे बाबा गावातून बाजारात जायचे ते वळसा घालून का जायचे, तुला कधी प्रश्न पडला नाही ना?"

खरंच नव्हता पडला. आमच्या घराकडून बाजाराची वाट तांडेलच्या वाडीतून जाते. बाबा मात्र देवळामागून, चांगला पाऊण मैलाचा फेरा मारून जायचे. लढाईनंतर पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा ते त्या घरी गेले होते. तांडेलची आई दारात बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तू इलंस. माझो झील खंय रवलो?" त्यानंतर बाबा त्या वाटेने कधी गेले नाहीत. पन्नास वर्षं.

इथून माझा शोध सुरू झाला. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा कोसळली की नंतर बसून मिनिटामिनिटाचा हिशोब लिहावा लागतो. किती वाजता काय झालं, कोणाला काय दिसत होतं, कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घेतला. मला वाटलं, हेही तसंच लिहून काढता येईल. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेला नौदलाचा १९६५ ते १९७५ चा इतिहास मिळवला. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी खुकरीवरून वाचलेल्यांच्या आठवणी एकत्र केल्या आहेत, ते पुस्तक मिळवलं. रात्री ऑफिसचं काम आटपलं की वाचत बसायचे.

तर जे कळलं ते थोडक्यात सांगते. खुकरी, कृपाण आणि कुठार या एकाच जातीच्या, एकाच स्क्वाड्रनमधल्या तीन फ्रिगेट. पन्नासच्या दशकातल्या, ब्रिटनमध्ये बांधलेल्या. पाणबुड्या शोधून मारणं हे त्यांचं काम. बाबा कुठारवर होते, तांडेल खुकरीवर. कोण कुठे जाणार हे दोघांनी ठरवलेलं नव्हतं, ड्राफ्ट आला तसे गेले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला. तोच आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. २०२३ चा नौदल दिन आपल्याकडे, मालवणच्या किनाऱ्यावर झाला तेव्हा तुमच्यातले निम्मे लोक तारकर्लीला गर्दीत होते. मीही मुलाला घेऊन आले होते. युद्धनौका बघून पोरं नाचत होती आणि मी मनात तारखा मोजत होते. चारला सगळे असतात. नऊ तारखेला कोणी नसतं.

त्याच लढाईत कुठारच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला. बोट लढण्याच्या लायकीची राहिली नाही, तिला ओढत मुंबईला आणावं लागलं. बाबांची 'बिघडलेली' बोट ती हीच. हे वाचलं तेव्हा आधी मला माझीच लाज वाटली. बॉयलरच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या बोटीवर बॉयलरच्या खोलीत स्फोट होतो, आणि तो माणूस आयुष्यभर त्याला 'बिघाड' म्हणतो, आणि त्याची इंजिनिअर झालेली पोरगी त्यावर एक प्रश्नसुद्धा विचारत नाही. नौदलातून सुटल्यावर बाबांनी पुढची वीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून काढली. त्यांच्या हाताखालच्या बॉयलरला कधी काही झालं नाही. प्रेशरचा काटा ते दर दहा मिनिटांनी स्वतः जाऊन बघायचे, असं त्यांचे सहकारी अंत्ययात्रेला आले तेव्हा सांगत होते.

कुठार मुंबईत आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानची पाणबुडी असल्याचा सुगावा लागलेला. तिच्या मागावर पाठवलेल्या बोटी म्हणजे खुकरी आणि कृपाण. तीनमधल्या दोन उरल्या होत्या.

आता जरा तांत्रिक बोलते, कंटाळू नका. पाणबुडी दिसत नाही, ऐकावी लागते. बोट पाण्यात आवाजाची लाट सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते, त्या यंत्राला सोनार म्हणतात. अडचण अशी की बोट वेगाने गेली तर तिच्या स्वतःच्याच आवाजात प्रतिध्वनी बुडतो. हळू गेली तर ऐकू येतं, पण हळू आणि सरळ जाणारी बोट पाणबुडीला सोपं सावज. त्यात अरबी समुद्राच्या पाण्याचे वरचे थर गरम आणि खालचे थंड, त्यामुळे आवाज वाकतो आणि पल्ला आणखी घटतो. समोरची पाणबुडी हँगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली, आपल्या बोटींपेक्षा नवी, आणि तिला आपल्या बोटी फार लांबून ऐकू येत होत्या. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे तरुण अधिकारी होते. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केलं होतं आणि त्याचा प्रयोग चालू होता. त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता.

युद्ध चालू असताना, पाणबुडीच्या तोंडाशी, प्रयोग? वाचताना माझ्या मनात हेच आलं. नंतर विचार केला, दुसरं काय करणार होते? हातातल्या यंत्राला पाणबुडी ऐकूच येत नव्हती. पुरत्या न तपासलेल्या गोष्टी मीही आणीबाणीत चालू यंत्रणेवर चढवल्या आहेत. माझं चुकलं तेव्हा चार तास एक वेबसाइट बंद पडली आणि मला एक ईमेल लिहावा लागला. जैन त्या बोटीवरच होते. ते परत आले नाहीत.

९ डिसेंबर १९७१. दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर. हँगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. दोन-तीन मिनिटांत बोट पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसं गेली. ६७ वाचली. त्यांना दुसऱ्या दिवशी कच्छल या आपल्या बोटीने पाण्यातून उचललं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जवळच्यांना समुद्रात ढकललं आणि स्वतः बोटीबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बाकीच्या १९३ जणांची नावं कोणी ऐकलेली नसतात, आणि त्यात मी कोणाला दोष देत नाही, मीही ऐकली नव्हती.

या सगळ्यात एक ओळ मी रात्री दीडच्या सुमारास वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. वाचलेल्यांच्या आठवणींत असं येतं की त्या रात्री बोटीवर रेडिओच्या बातम्या लावल्या होत्या. देशात बाकी ठिकाणी काय चाललं आहे ते कळावं म्हणून बोटीवरच्या सगळ्यांनी त्या ऐकायच्या होत्या. पावणेनऊच्या बातम्या. त्या नुकत्या सुरू झाल्या आणि स्फोट झाला.

बाबांची बोट तेव्हा मुंबईत होती. वाचलेल्या लोकांना ते तिथे भेटले असणार, त्यांच्याकडून ऐकलं असणार. ते मला कधीच म्हणाले नाहीत. ते फक्त रेडिओ बंद करायचे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

यापुढचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. दिल्लीला इंडिया गेटजवळ २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं तिथे ग्रॅनाइटवर कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. ती यादी संगणकावर शोधता येते. मी तांडेलचं नाव टाकलं. नाही. स्पेलिंग बदलून टाकलं. नाही. आपल्याकडची आडनावं इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतात याचा हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅमच मी लिहिला. एका आडनावाची अकरा रूपं निघाली. तरीही नाही. क्षणभर मनात आलं, तो त्या बोटीवर नव्हताच की काय? गावातली अफवाच खरी की काय? अफवेचं पुढे सांगते.

मग मी शाळेत आले. गेल्या वर्षीचा मे महिना होता. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिलं आणि शिपाईकाकांनी जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण शाई अजून काळी आहे. आपल्या त्या वेळच्या हेडमास्तरांचं अक्षर बघून घ्या एकदा, छापल्यासारखं. पहिल्यांदा मी जन्मतारखेवरून शोधायला गेले आणि स्वतःशीच हसले. वर्गातल्या एकोणचाळीस पोरांपैकी तेवीस पोरं १ जूनला जन्मलेली! आई-बापाला तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे. बाबाही १ जूनचे, तांडेलही १ जूनचा. आमच्या भाषेत सांगायचं तर ते कॉलम शोधाला निरुपयोगी.

पण नोंदी सापडल्या. एकाखाली एक. दोन्ही नावं, आणि शेवटच्या रकान्यात, 'शाळा सोडण्याचे कारण' : नोकरीसाठी. पहिल्या ओळीत पूर्ण लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीत नुसती दोन टिंबं. म्हणजे वरीलप्रमाणे.

आणि तिथेच आडनावाचा घोळ कळला. रजिस्टरात तांडेलचं घराण्याचं जुनं आडनाव होतं. भरती होताना त्याने गावाच्या नावावरून 'कर' लावलेलं आडनाव दिलं असणार, आपल्याकडे दोन्ही चालतात. मी फोटोच्या मागचा नंबर घेऊन पुन्हा यादी उघडली. नंबर जुळला. नाव समोर आलं, कर लावलेलं, त्यातही एक अक्षर चुकलेलं. मी कार्यालयाच्या बाकावर बसले होते. शिपाईकाकांनी न विचारता चहा आणून ठेवला.

आता ती अफवा. १९७२ साली कोणीतरी तांडेलच्या घरी येऊन सांगितलं होतं की खुकरीची काही माणसं पाण्यातून पाकिस्तानने उचलली आणि ती कराचीच्या तुरुंगात आहेत. कोणी सांगितलं, का सांगितलं, कोणाला ठाऊक. पण आईला ते पुरलं. प्रेत तर आलेलं नव्हतं. फक्त तार आली होती, आधी बेपत्ता म्हणून, मग मृत मानल्याची. पेन्शनच्या कागदावर तिने कितीतरी वर्षं अंगठा दिला नाही. अंगठा दिला तर मुलगा मेला हे कबूल केल्यासारखं होईल. घरात खायची मारामार, धाकट्या भावाची शाळा सुटली, तरी नाही. ती १९८८ साली गेली. तोपर्यंत कराची हे तिच्यासाठी एक गाव होतं, जिथे तिचा मुलगा राहत होता.

मी पुतण्याला फोन केला आणि एका रविवारी त्या घरी गेले. बाबांच्या वळशाच्या वाटेने नाही, सरळ वाटेने. तांडेलचे धाकटे भाऊ, आता पंच्याहत्तरीला आलेले, पडवीत बसले होते. मी ओळख सांगितली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुझो बापूस परत कधी इलो नाय." यात राग होता. असायलाच हवा होता. मी बाबांची बाजू मांडायला गेले नव्हते, पण रेडिओचं सांगितलं. पावणेनऊचं. ते काही बोलले नाहीत.

मग मी कागद काढले. नकाशा दाखवला, दीव कुठे, बोट कुठे बुडाली ते. कराचीचंही सांगावं लागलं. हल्ल्यानंतर पाणबुडी खोल पाण्यातून निघून गेली, तिने कोणाला उचललं नाही. वाचलेल्या सदुसष्टांना आपल्याच बोटीने उचललं. तुरुंगात कोणी नव्हतं. हे सांगताना माझा आवाज बरोबर लागत नव्हता. बावन्न वर्षांनी एखाद्या घरातून आशा काढून घ्यायची, आणि तीही कोणी मागितलेली नसताना, याचा अधिकार मला कोणी दिला? मी अजूनही त्याचं उत्तर देऊ शकत नाही. पण भाऊ म्हणाले, "आवशीक सांगूक होया हुता." आईला सांगायला हवं होतं. आणि मग त्यांनी मला विचारलं, "त्येका त्रास झालो काय गो? किती येळ लागलो?"

मी म्हटलं, दोन मिनिटं. फार तर तीन.

त्यांनी मान हलवली. सुनेला हाक मारून माझ्यासाठी सोलकढी आणायला सांगितली.

मध्यंतरी आणखी एक झालं. आमच्या कंपनीच्या लंडन ऑफिसमध्ये एक मूळ कराचीचा सहकारी आहे. कामानिमित्त रोज बोलणं होतं. एकदा बोलता बोलता या शोधाचा विषय निघाला. तो म्हणाला, हँगोर? ती आता कराचीच्या मेरीटाइम म्युझियममध्ये ठेवली आहे, माझ्या भाच्यांच्या शाळेची सहल गेली होती, मीही बरोबर होतो. त्याने फोटो पाठवला. काळी, लांबट, बागेत ठेवलेली. पुढे पोरं रांगेत उभी, हातात चिप्सची पाकिटं. मी बराच वेळ त्या फोटोकडे बघितलं. राग यायला हवा होता की काय कोणास ठाऊक, आला नाही. त्याने विचारलं, तुमच्या वडिलांचा मित्र किती वर्षांचा होता? मी म्हटलं, बावीस. तो म्हणाला, माझा मोठा भाचा आता बावीसचा आहे. आणि आम्ही कामाकडे वळलो.

गेल्या ९ डिसेंबरला मी, माझी आई, तांडेलचे भाऊ आणि पुतण्या असे चौघे दीवला जाऊन आलो. तिथे चक्रतीर्थच्या किनाऱ्याजवळ टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत बोटीची प्रतिकृती, समोर समुद्र. खुकरी हे नाव नौदलाने पुढे दुसऱ्या बोटीला दिलं. १९८९ साली ती मुंबईत सेवेत दाखल झाली तेव्हा संरक्षणमंत्र्यांबरोबर कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या. ती बोटही आता निवृत्त होऊन दीवलाच आली आहे. भावांना प्रतिकृतीत फारसा रस नव्हता. त्यांनी विचारलं, "नेमकी खंय?" मी नैर्ऋत्येकडे बोट दाखवलं. त्यांनी खिशातून एक पुडी काढली, त्यात घरच्या परसातल्या तुळशीची माती होती. ती त्यांनी पाण्यात सोडली. आईने माझ्या बाबांचा तो फोटो बरोबर आणला होता, पण तिने तो पिशवीतून बाहेर काढला नाही. रात्री पावणेनऊला आम्ही लॉजवर होतो. कोणीच काही बोललं नाही. मग भाऊ म्हणाले, चला, जेवूया.

आता शाळेकडे येते, कारण शेवटी मागणी आहेच. फुकट भाषण कोण देतं!

खाली जिन्याजवळ 'आमचे गुणवंत माजी विद्यार्थी' असा फलक आहे. त्यावर माझं नाव आहे, इंजिनिअर म्हणून. बँकेतले अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, एक तहसीलदार आहेत. मी समितीला तांडेलचं नाव सुचवलं तेव्हा नियम पुढे आला की फलक शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी आहे. नियम कोणी वाईट हेतूने केलेला नाही. पण नववीतून गेलेला मुलगा शाळेचा माजी विद्यार्थी नसतो, असं जनरल रजिस्टर म्हणत नाही. तिथे त्याला नंबर आहे. शाळा सोडल्याचा दाखला याच शाळेने दिला आणि त्याच दाखल्यावर त्याला नौदलाने घेतलं. त्या दाखल्यावर आपल्याच हेडमास्तरांची सही होती.

दोन बैठकांत चर्चा झाली, आवाजही चढले, माझाही चढला. शेवटी वेगळा फलक करायचं ठरलं आणि त्यासाठी मी समितीची मनापासून आभारी आहे. जिन्याजवळ नाही, फाटकाशी, जिथे बाबा सायकल लावायचे तिथे. फक्त तांडेलचा नाही. जुनी रजिस्टरं चाळताना आणखी तीन नोंदी मला दिसल्या आहेत, 'नोकरीसाठी' आणि 'लष्करात भरती' अशा, ज्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला शोधायचं आहे. त्यातली एक १९६२ च्या आधीची आहे. माझ्याकडे प्रोग्रॅम आहे, अकरा स्पेलिंगं काढून देणारा, पण गावात जाऊन पडवीत बसायला माणसं लागतील. ज्यांची घरं त्या वाड्यांजवळ आहेत त्यांनी जेवणानंतर मला नावं द्या.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे, आडनावाचा. दिल्लीच्या यादीत एक आडनाव, तेही चुकलेलं. आपल्या रजिस्टरात दुसरं. काल संध्याकाळी भाऊंना विचारलं, फलकावर कोणतं लिहायचं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, शाळेत जसा होता तसा लिहा. म्हणून रजिस्टरातलं पान मी फोटो काढून मोठं करून आणलं आहे. उद्या सकाळी नऊ वाजता पाटी कोरणारे गृहस्थ कार्यालयात येणार आहेत. कोरण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचं आहे. ज्यांचं शुद्धलेखन चांगलं आहे त्यांनी कृपया या. माझं किती वाईट होतं ते आमचे मराठीचे सर इथे बसले आहेत, ते सांगतील.